दुपारच्या दिव्याची नोंदवही

विजेच्या ऑफिसात लोक दिवे जातात म्हणून तक्रार करतात. मी दिवा येतो म्हणून तक्रार करायला गेलो होतो. खिडकीतल्या बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या रजिस्टरकडे पाहिलं. रजिस्टरात लाइट गेली, व्होल्टेज कमी, बिल जास्त, तार तुटली असे रकाने होते. आपोआप लागतो असा रकाना नव्हता. मी म्हणालो, ‘इतर’मध्ये लिहा. त्या म्हणाल्या, ‘इतर’मध्ये झाडाच्या फांद्या येतात. शेवटी त्यांनी मला समजावून सांगितलं की मीटरपर्यंतचं ते बघतात, मीटरच्या पुढचं ज्याचं त्यानं बघायचं.

मला राग आला नाही. मी स्वतः एकतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. गाडी डेपोतून वेळेवर सुटली, पुढचं रस्त्याला विचारा, असं मी हजारो लोकांना सांगितलेलं आहे. ते ऐकणाऱ्याला कसं लागतं, हे निवृत्तीनंतर सात वर्षांनी कळलं एवढंच.

दिव्याची गोष्ट अशी. माझी बायको कलाबाई मागच्या जानेवारीत गेली. त्यानंतर आमच्या कोपरगावच्या घरात मी एकटा. मुलगा पंकज आणि सून वृषाली पुण्याला. पंकजला माझी काळजी वाटायची, म्हणून दिवाळीत त्यानं नाशिकहून माणूस पाठवून घरातले सगळे काळे बटणांचे बोर्ड काढून टाकले आणि काचेचे बसवले. बटण नाही, नुसतं बोट लावायचं. आणि दिवा लागला की पुण्याला पंकजच्या मोबाईलवर निरोप जायचा. तो म्हणाला, “अण्णा, सकाळी तुम्ही स्वयंपाकघरातला दिवा लावलात की मला कळेल सगळं ठीक आहे. रोज फोन करून त्रास नको.” त्रास कोणाला, ते मी विचारलं नाही.

दोन-तीन आठवडे सगळं सुरळीत होतं. मग तुळशीची लग्नं झाली आणि एका बुधवारी पंकजचा फोन आला. त्यानं विचारलं की काल दुपारी मी स्वयंपाकघरात काय करत होतो. मी म्हणालो, झोपलो होतो.

“अण्णा, काल दुपारी तुम्ही दिवा सदतीस वेळा लावला आणि बंद केला.”

मी पुन्हा म्हणालो, झोपलो होतो. तो “बरं” म्हणाला. हे बरं मला ओळखीचं होतं. आजारी माणसाशी बोलताना आपण जे बरं म्हणतो, ते. कलाशी बोलताना शेवटी शेवटी मीही तसंच म्हणायचो. मग फोन वृषालीनं घेतला. ती गुणी मुलगी आहे. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं की आज वार कोणता, काल जेवायला काय केलं होतं. मी सांगितलं, बुधवार, आणि काल मेथी, परवा वांगं, आणखी काही विचारायचं असेल तर देशाची राजधानीही मला येते. ती हसली नाही. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी जागा राहिलो. तीनला दहा मिनिटं असताना स्वयंपाकघरातला दिवा लागला. लगेच गेला. मग लागला, थरथरला, गेला. मी ओट्यापासून चार हात लांब, हात मागे बांधून उभा होतो. पण हात मागे बांधल्याचा निरोप मोबाईलवर जात नाही. पुण्याला एवढंच कळत होतं की म्हातारा भर उन्हात दिवे लावतोय.

आठ दिवसांनी पंकजनं ठरवून टाकलं. जानेवारीत आईच्या पहिल्या स्मृतिदिनाला तो येणार, आणि जाताना मला घेऊन जाणार. पुण्यात डॉक्टर बघितले होते. घर भाड्यानं द्यायचं. थोडक्यात, दिवा दुरुस्त झाला नाही तर दुरुस्तीला मी जाणार होतो.

मी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. तिकडून एका मुलीनं मला मेन स्विच बंद करून चालू करायला सांगितलं. केला. पुन्हा फोन केला, तेव्हा दुसऱ्या मुलीनं तेच सांगितलं. तिसऱ्या खेपेला मीच आधी सांगून टाकलं की बंद करून चालू केलाय. तर ती म्हणाली, मग आता तुमचा प्रश्न सुटला का, आणि मला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. मी तीन दिले. आवाज गोड होता.

मग आदिनाथ आला. हा पुणतांब्याचा. कलाच्या माहेरचा म्हणून विश्वासाचा. शेतावरच्या जळालेल्या मोटारी पुन्हा भरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, पण काचेच्या बोर्डासमोर तो देवळाबाहेर चपला काढून उभं राहावं तसा उभा राहिला. त्यानं दिवा बदलला. दोन वायरींची अदलाबदल केली. मग म्हणाला, “नाना, अर्थिंग मेलंय तुमचं.” मागच्या अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ, कोळसा आणि रोज दोन बादल्या पाणी घालायचं ठरलं. मी पंधरा दिवस इमानानं मिठाचं पाणी घातलं. दिवा होता तसाच लागत राहिला. खड्ड्याशेजारचा कलाचा कढीपत्ता मात्र वाळला. ते झाड तिनं नऊ वर्षं सांभाळलं होतं. मी दोन आठवड्यांत मारलं. त्या दिवशी मी आदिनाथला चहा विचारला नाही.

समोरचे गहिनीनाथ विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी प्रयोग सुचवला की घरातली एकेक वस्तू बंद करत जायची, म्हणजे दोषी कोण ते कळेल. पहिल्या दिवशी फ्रीज बंद केला. दूध नासलं, दिवा लागला. दुसऱ्या दिवशी पाण्याची मोटर बंद केली. पाणी यायच्या वेळेला चालू करायची विसरलो, त्यामुळे तिसऱ्या दिवशी आंघोळ नाही, दिवा लागला. तिसऱ्या दिवशी पंखे, टीव्ही, घड्याळाचा सेलसुद्धा काढला. गहिनीनाथ म्हणाले, “कंट्रोलर, आता घरात तुम्ही आणि दिवा एवढेच चालू आहात. म्हणजे दोघांपैकी एक.” हे त्यांनी गमतीनं म्हटलं असेल. मला रात्रीचं जेवण गेलं नाही.

ही बातमी कॉलनीभर झाली. ज्याच्या त्याच्याकडे सल्ला होता. कुणी म्हणालं मोबाईलचा टॉवर, कुणी म्हणालं पाल. फक्त मागच्या भिंतीपलीकडच्या छबूबाईंनी काही सल्ला दिला नाही. साठीच्या बाई, नवरा गेलेला, दिराच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात. मला कधी भाकरी, कधी कालवण देतात. दिव्याचा विषय निघाला की त्या खाली बघायच्या आणि भांडं घेऊन निघून जायच्या. आख्ख्या कॉलनीत विनाकारण न बोलणारं हे एकच माणूस, म्हणून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

एकदा आदिनाथ निघताना दारात घुटमळला. “नाना, राग नका मानू. पर काकू तीनलाच उठून चहा टाकायच्या ना? बाया म्हनत्यात, त्यांचा जीव घुटमळतोय.”

मी त्याला सांगितलं की आमच्या घरात असलं काही मानत नाहीत. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो आहे, त्यांच्यासमोर हे बोलायचं नाही. गेलेलं माणूस गेलेलं असतं. आदिनाथ बरं म्हणाला आणि गेला.

पण खरं तेच लिहायचं तर, दुसऱ्या दिवसापासून मी पावणेतीनलाच स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायला लागलो. मानत नव्हतोच. नुसता बसत होतो. दिवा लागायचा, थरथरायचा, जायचा. वर्षभर त्या घरात माझ्याशिवाय काहीही हललं नव्हतं. मी ठेवलेली वाटी संध्याकाळी तिथेच असायची. आता रोज दुपारी काहीतरी माझ्या हाताशिवाय होत होतं. एकदा मी चहा दोन कप टाकला, आणि मग दोन्ही मीच प्यायलो, कारण टाकून देणं बरं दिसलं नसतं.

नुसतं बसायला मला लाज वाटायची, म्हणून मी वही घेतली. नियंत्रकाला वही लागतेच. लागल्याची वेळ, गेल्याची वेळ, शेरा. मी एकतीस वर्षं गाड्यांच्या वेळा लिहिल्या तशाच दिव्याच्या लिहिल्या. चाळीसेक दिवसांच्या नोंदी झाल्यावर एका सकाळी पहिल्या पानापासून वाचून काढल्या आणि ताठ बसलो. दिवा दुपारी पावणेतीनच्या आधी कधी लागला नव्हता. पाचनंतर कधी नाही. सोमवारी, आमच्या बाजाराच्या दिवशी, एकदाही नाही. दुपारची वीज गेली त्या दिवशी तो वीज आल्यावर लागला आणि साडेपाचपर्यंत चालला, जणू राहिलेली फेरी पूर्ण केली. बिघाड असा नसतो. बिघाडाला बाजार कळत नाही. हे वेळापत्रक होतं, आणि वेळापत्रकामागे माणूस असतो.

मी वही घेऊन गहिनीनाथांकडे गेलो. त्यांनी ती परीक्षेचा पेपर तपासावा तशी वाचली आणि पहिल्यांदा मला कंट्रोलर न म्हणता सहादूराव म्हणाले. मग माळ्यावरून एक जुना ट्रान्झिस्टर काढला. म्हणाले, कुठे ठिणगी पडत असली की रेडिओत खरखर येते. दोन स्टेशनांच्या मध्ये काटा ठेवायचा आणि खरखर जिकडे वाढेल तिकडे चालत जायचं. इतके दिवस हे का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, आधी वस्तू बंद करून बघायच्या असतात, पद्धत आहे. माझं तीन दिवसांचं दूध त्या पद्धतीत गेलं होतं.

तो शनिवार होता. रविवारी स्मृतिदिन, पंकज रविवारी सकाळी येणार होता. पावणेतीनला मी ट्रान्झिस्टर कानाला लावून उभा राहिलो. दिवा लागला आणि रेडिओत कुणी पापड मोडावेत तसा आवाज सुरू झाला. बाहेरच्या खोलीत बारीक. स्वयंपाकघरात मोठा. मोरीजवळ आणखी मोठा. मी मागच्या दारानं अंगणात आलो. मोरीच्या भिंतीवर कलानं लावलेली मधुमालती आहे, ती वर चढून मागच्या भिंतीवरून पलीकडे गेली आहे. रोज मी तिला पाणी घालतो. आवाज त्या वेलातून येत होता. मी चप्पल काढून बादलीवर उभा राहिलो आणि ट्रान्झिस्टर फुलांमध्ये घातला.

“अण्णा.”

पंकज मागच्या दारात उभा होता. एक दिवस आधी आला होता. खांद्यावर बॅग.

“काय करताय?”

“ऐक,” मी म्हणालो. “इथे जास्त येतं.”

बोलून झाल्यावर मला कळलं की हे काय दिसतंय. पंकज माझ्याकडे बघत होता आणि त्याचे डोळे भरले होते. तो हळू आवाजात म्हणाला, आधी खाली उतरा. मी म्हणालो, उतरतो, पण आधी हा वेल बाजूला कर. त्यानं माझं मन राखायला वेलात हात घातला, आणि हात तिथेच थांबला.

आत काळी वायर होती. मोरीच्या बोर्डाच्या मागून निघून वेलाच्या आधारानं वर जाऊन भिंतीपलीकडे गेलेली. नाशिकच्या माणसानं बोर्ड बदलताना ती घरचीच समजून जोडली असणार. जागोजागी वेलाला चिंध्यांनी बांधलेली. ब्लाऊजच्या कापडाच्या उरलेल्या पट्ट्या, हिरवी, जांभळी, एक जरीची. गाठ मारून टोक आत खोचलेलं. अशी गाठ आमच्या घरात एकच माणूस मारायचं. पंकजनंही ती ओळखली. शाळेच्या डब्याला तो बारा वर्षं तीच गाठ सोडत आला होता.

रेडिओतली खरखर थांबली. भिंतीपलीकडचं घरघरणंही थांबलं. मग दोन्ही एकदमच सुरू झाली.

आम्ही गल्लीतून वळसा घालून छबूबाईंकडे गेलो. त्या खिडकीशी बसून लग्नाचा ब्लाऊज शिवत होत्या. शिलाई मशीन कलाचं होतं, मागे मोटर बसवलेलं. कला गेल्यावर तिच्या वस्तू वाटल्या तेव्हा मी बाहेर ओट्यावर बसून होतो. कोणी काय नेलं ते विचारलं नव्हतं. मशीन पुणतांब्याला तिच्या बहिणीकडे गेलं असेल असं मी धरून चाललो होतो.

आम्हाला दोघांना बघून छबूबाईंचा पाय मोटरच्या पेडलवरून उचलला गेला. त्या उठून उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. मशीन कलानंच दिलं होतं, अंथरुणाला खिळायच्या आधी. मीटर दिराच्या नावावर, मोटर लावली की दीर फ्यूज काढून नेतो. म्हणून वायरही कलानंच टाकली होती, मी डेपोच्या पेन्शनवाल्यांच्या बैठकीला गेलो होतो तेव्हा. घरकाम उरकलं की पावणेतीन ते पाच छबूबाई शिवायला बसायच्या, सोमवार तेवढा बाजारात जायचा.

“मी म्हनले, वैनी, भाऊंना इचारा. तर म्हनल्या, नगं. ह्यांना सांगितलं तर मला तिकीट काढाय लावतील.”

इथे एक सांगायला हवं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी कला माहेरी निघाली आणि तिचा पास घरी राहिला. कंडक्टर म्हणाला, साहेबांच्या मंडळी आहेत, असू दे. मी नियंत्रण कक्षातून बाहेर येऊन सांगितलं, पास नाही तर तिकीट काढा. तिनं काढलं. ते तिकीट तिनं पस्तीस वर्षं मिसळणाच्या डब्याच्या झाकणात जपून ठेवलं होतं, आणि घरात कुठलाही वाद झाला की शेवटी म्हणायची, मी तिकीट काढून बसलेली बाई आहे, मला उठवू नका. मी नियमाचा माणूस म्हणून तालुक्यात माझं नाव होतं. माझ्याच मागच्या भिंतीवरून, मी रोज पाणी घातलेल्या वेलातून, माझ्याच मीटरची वीज दीड वर्ष पलीकडे जात होती.

छबूबाई म्हणाल्या, “दिवा माज्यामुळं लागतोय ह्ये मला ठाव नव्हतं, भाऊ. पर भ्या वाटायचं. तुमी वायर बघितली तर तोडाल. मंग मी काय करनार?”

घरी आल्यावर पंकजनं खांद्यावरची बॅग उतरवली. मग म्हणाला की हे धोक्याचं आहे, बेकायदा आहे, वायर आजच काढू, मशीनचं आपण दुसरं काहीतरी बघू. तो बोलत होता ते शब्द न शब्द माझे होते. मीच त्याला लहानपणापासून शिकवलेले. म्हणून उत्तर द्यायला जड गेलं.

“वायर राहील,” मी म्हणालो. “नीट वायर टाकून घेऊ, पण राहील. त्यांच्या नावावर मीटर येईपर्यंत.”

“अण्णा, तुम्ही हे म्हणताय?”

“तुझी आई म्हणतेय. मी फक्त नोंद घेतो.”

आदिनाथला बोलावलं. त्यानं मशीनची मोटर उघडली आणि अर्ध्या मिनिटात हसला. तुळशीच्या लग्नांनंतर लग्नसराईचं शिवण वाढलं आणि मोटरला वीज पोचवणारे आतले कार्बनचे तुकडे झिजून संपले होते, त्यामुळे आत ठिणग्या पडत होत्या. त्या ठिणग्यांचा त्रास त्याच वायरीनं उलटा येऊन काचेच्या बोर्डाला व्हायचा. बोर्डाला वाटायचं कुणी बोट लावलं. दोन महिने आम्ही घर शोधलं, दोष भिंतीपलीकडे दोन कार्बनमध्ये होता, आणि कार्बन म्हणजे आदिनाथचं रोजचं काम. “नाना, आधी मोटर दाखवली असती तर,” तो म्हणाला. मी कढीपत्त्याच्या खुंटाकडे बोट दाखवलं. तो कामाला लागला. नवे कार्बन टाकले, जुनी वायर काढून पाइपातून चांगली टाकली. पंकजनं चिंध्या सोडू दिल्या नाहीत. पाइप त्या चिंध्यांनीच बांधला.

रविवारी वंदना झाली, माणसं जेवून गेली. छबूबाई भांड्यांना हात लावायला आल्या, तर पंकजनं त्यांना बसवलं. संध्याकाळी तो माझी वही घेऊन स्वयंपाकघरात बसला होता. एकेक पान उलटत होता. एका पानावर शेऱ्यात मी लिहिलं होतं, ‘चहा दोन कप.’ तिथे तो थांबला.

“रोज इथे बसत होता?”

“नोंदीसाठी.”

“बरं,” तो म्हणाला. मग खिशातून डॉक्टरच्या भेटीची चिठ्ठी काढली, घडी घातली आणि वहीत ठेवली. सोमवारी तो एकटाच पुण्याला गेला. जाताना मला म्हणाला, दिवा बंद ठेवलात तरी चालेल, मी फोनच करत जाईन.

मंगळवारी मी विजेच्या ऑफिसात गेलो. छबूबाई बरोबर होत्या. खिडकीतल्या बाईंनी मला ओळखलं आणि पेन खाली ठेवलं. मी सांगितलं की दिव्याची तक्रार मागे, आता नवीन मीटरचा अर्ज. दिराचं संमतिपत्र लागेल, असं त्या म्हणाल्या. छबूबाईंचा चेहरा पडला. मी नमुना मागून घेतला. दिराकडे मी स्वतः जाणार आहे. तो एसटीनं जाणारा माणूस आहे, मला ओळखतो.

घरी येऊन खुर्ची टाकून बसलो. पावणेतीनला भिंतीपलीकडे मशीन सुरू झालं. दीड वर्ष तो आवाज तिथे होता आणि मी ऐकला नव्हता, कारण तो मला घरातलाच वाटत असावा. दिव्याकडे बघत बसलो. तीन वाजले. दिवा लागला नाही. वही उघडून लिहिलं, ‘१५.००. दिवा लागला नाही.’

मग उठलो, बोट लावलं आणि चहा टाकला. दोन कप. एक भिंतीवरून पलीकडे दिला.

तेवढ्यात पंकजचा फोन आला. “अण्णा, दिवा?”

“मी लावला,” मी म्हणालो, आणि नोंद पूर्ण केली. ‘१५.०४. दिवा लागला. शेरा: हाताने.’